दिवाळीच्या भेटी : हात कुठे आखडायचा, कुठे नाही

दिवाळीचा खर्च कागदावर मांडायला बसलं की किराणा, कपडे, रंगकाम यांचे आकडे चटकन निघतात. भेटींचा एकूण आकडा मात्र फार थोड्या घरांत सांगता येतो. हा खर्च एका दिवशी, एका खिशातून होतच नाही. भाऊबीजेची पाकिटं, पाडव्याची ओवाळणी, नव्या जावयाचा दिवाळसण, कामाच्या मावशींची पोस्त, वॉचमन आणि कचरा नेणाऱ्यांचे पैसे, शेजारच्या तीन-चार घरांना मिठाई, साहेबांकडे ड्रायफ्रूटचा डबा, मुलांच्या क्लासच्या बाईंना काहीतरी. थोडं रोख, थोडं यूपीआयनं, थोडं क्रेडिट कार्डावर. सण संपून कार्डाचं बिल येतं तेव्हा कुठे अंदाज येतो, आणि तोवर पुढचे तीन महिने त्याच्या नावावर लागलेले असतात.

हा आकडा किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतातला दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागातला ४,१२२. म्हणजे शहरातल्या चौघांच्या सर्वसाधारण कुटुंबाचा महिना अठ्ठावीस हजारांच्या घरात भागतो. अशा घरातून दिवाळीच्या आठवड्यात पाकिटं आणि डबे मिळून दहा हजार गेले, तर महिन्याच्या घरखर्चाचा तिसरा हिस्सा गेला. कर्ज काढून सण करू नका, लग्नं करू नका, हे गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या काळी सावकाराच्या वहीत नाव लागायचं, आता कार्डाच्या थकबाकीत लागतं. तिथलं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या पुढे.

बचतीचे सल्ले दरवर्षी छापून येतात आणि त्यांतले बहुतेक सगळ्याच भेटींना एकाच मापानं कात्री लावायला सांगतात. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. भेट कुणाला जाते यावर सगळं अवलंबून आहे. बहिणीला, आईला, भाच्यांना दिलेली भेट वेगळी. आपल्यासाठी वर्षभर राबणाऱ्याच्या हातात ठेवलेले पैसे वेगळे. आणि या दोन्हींच्या मध्ये जी भली मोठी गर्दी आहे, ओळखीची, कामाची, सोसायटीतली, 'त्यांनी दिलं म्हणून आपण' अशी, ती तिसरी. पैसा वाया जातो तो या मधल्या गर्दीत, आणि तिथे हात आखडला तर कुणाचंही काही बिघडत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटीवर एक दीर्घ निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात, हा त्यातला गाभा. आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात ती याच हिशेबासाठी. कुणी किती घातले, त्यांच्याकडचं कार्य निघालं की ती वही काढून बघायची. दिवाळीच्या डब्यांची वही कुणी ठेवत नाही, पण ती डोक्यात पक्की असते. म्हणूनच या खर्चात एकट्यानं बचत करणं जड जातं. समोरचा हजाराचा डबा घेऊन आला आणि आपण चार लाडू पुढे केले, तर अवघडल्यासारखं होतं. दोघांनी मिळून ठरवलं की मात्र दोघांचेही पैसे वाचतात आणि मान कुणाचाच जात नाही. बचतीच्या सगळ्या युक्त्यांमध्ये नीट बोलून घेणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे, आणि नेमकी तीच आपण करत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला आहे. जोएल वाल्डफोगल या अर्थशास्त्रज्ञाचा नाताळच्या भेटींवरचा लेख १९९३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं. घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत आणि देणाऱ्यानं मोजलेले पैसे यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. जिवलग मित्रमैत्रिणींच्या भेटींत ती कमी होती, लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. आणि आजी-आजोबा बहुधा रोख पैसेच देत होते. या अभ्यासावर पुष्कळ टीका झाली, कारण विचारताना भावनिक मूल्य बाजूला ठेवायला सांगितलं होतं. भाऊबीजेच्या बाबतीत ती टीका रास्तच आहे, तिथे भावनाच मुख्य. पण साहेबांकडे नेलेल्या डब्यात भावनेचा भाग किती असतो? तिथे वाल्डफोगल यांचा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

तो ड्रायफ्रूटचा डबा जरा उघडून बघू. वर मखमलीचं झाकण, आत चार कप्पे, कप्प्यांच्या खाली पुठ्ठ्याचा उंचवटा, त्यामुळे डबा दिसतो हातभर आणि माल बसतो वीतभर. प्रत्येक कप्प्यात शंभर ग्रॅम धरले तर बदाम, काजू, पिस्ते, बेदाणे मिळून चारशे ग्रॅम. भाव वर-खाली होत असतात, पण हाच ऐवज किरकोळ बाजारात सुटा घेतला तर चारशे रुपयांच्या आसपास पडतो आणि डब्याचे आठ-नऊशे मोजावे लागतात. उरलेले पैसे मखमलीचे. आवेष्टित मालावर निव्वळ वजन आणि कमाल किंमत छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते बहुतेक वेळा डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं, तिथे बघून किलोचा भाव काढला की डोळे उघडतात. मुंबईत मशीद बंदरला किंवा वाशीच्या बाजार समितीत, पुण्यात रविवार पेठेत माल सुटा मिळतो. सांगली-तासगावचे बेदाणे आणि वेंगुर्ल्याकडचे काजू या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अर्धा किलो चांगले काजू साध्या कापडी पिशवीत बांधून दिले तर घेणाऱ्याला जास्त मिळतं आणि देणाऱ्याचं कमी जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम-पिस्त्यांसारख्या सुक्या मेव्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चॉकलेटवरचा १८ वरून ५ वर. तो फरक दुकानातल्या किमतीत दिसतो का, हे विचारायला संकोच करू नये.

मिठाईच्या दुकानात गर्दीच्या वेळी आणखी एक गळती असते. मिठाई रिकाम्या डब्यासकट काट्यावर ठेवली जाते. डबा ऐंशी ग्रॅमचा भरला आणि काजूकतली हजार रुपये किलोची असली, तर ८० रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे. दहा डबे घेणाऱ्याचे आठशे गेले. डब्याचं वजन मालात धरता येत नाही, वैधमापन विभागाकडे त्याची तक्रार करता येते. पण बहुतेक ठिकाणी तक्रारीपर्यंत जावं लागत नाही. 'आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर घ्या' एवढं सांगितलं की दुकानदार मुकाट्यानं घेतो. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणंही सक्तीचं झालं आहे. ते वाचायचं कारण नुसतं आरोग्य नाही. मिठाईचे डबे दिवाळीत या घरातून त्या घरात फिरतात, आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत खव्याची मिठाई कचऱ्यात टाकण्याजोगी झालेली असते. एका डब्यासाठी तीन घरांनी उपकार मानले आणि खाल्लं कुणीच नाही, यापेक्षा मोठी उधळपट्टी कोणती?

धनत्रयोदशीच्या निमित्तानं चांदीची नाणी भेट द्यायची पद्धत आता कार्यालयांतही रुळली आहे. नाण्यावर त्या दिवसाचा चांदीचा भाव, वर घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी लागतो. मोडायला गेलं की घडणावळ आणि कर दोन्ही बुडतात. पूजेसाठी एक नाणं घरात असावं हे समजू शकतं, पण दरवर्षी दहा घरांत दहा नाणी वाटण्यानं कुणाचीच बचत होत नाही. सोनं द्यायचंच असेल, मुलीला किंवा सुनेला, तर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघून घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर घालून घरबसल्या तपासता येतो. नक्षीकाम जितकं जास्त तितकी घडणावळ जास्त, म्हणून भेटीचा दागिना साधा घ्यावा, वजन थोडं वाढलं तरी चालेल.

ओवाळणीचं पाकीट मात्र मला या सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. भावानं ताटात रोख ठेवली की बहीण तिला हवं ते घेते, त्यात तूट शून्य. या पाकिटालाही अलीकडे भेटकार्डाची स्पर्धा आहे. ही कार्डं घेताना एक फरक माहीत असावा. बँका आणि वॉलेट कंपन्यांच्या भेटकार्डांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत, जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि किमान वर्षभराची मुदत. एखाद्या दुकानाची किंवा ब्रँडची फक्त त्याच्याकडे चालणारी व्हाउचरं त्या नियमांत येत नाहीत, त्यांची मुदत ते ठरवतात. तीन महिन्यांत संपणारं आणि दोन हजारांच्या खरेदीवरच चालणारं पाचशेचं व्हाउचर म्हणजे बहिणीला दिलेली जाहिरात आहे. रोखच द्यावी, किंवा तिच्या खात्यावर टाकावी. भावाबहिणीतल्या भेटीवर आयकर लागत नाही. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांच्या वर भेटी आल्या तर मात्र सगळी रक्कम करपात्र ठरते.

मोठी वस्तू, म्हणजे बायकोला पाडव्याला फोन किंवा आईला वॉशिंग मशीन, बहुतेक हप्त्यांवर घेतली जाते आणि जाहिरातीत 'नो कॉस्ट ईएमआय' असं लिहिलेलं असतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रत्यक्षात व्याज लागतंच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्या माथी येतं. शिवाय एकरकमी घेणाऱ्याला जी रोख सवलत मिळाली असती तीही जाते. दुकानात दोन्ही किमती विचाराव्यात, एकरकमी किती आणि हप्त्यांनी एकूण किती.

या हप्त्यांवरचा जुना उपाय आपल्याकडे आहेच. चाळीत, सोसायटीत, बचत गटात दिवाळी भिशी चालायची आणि अजून चालते. ओळखीच्या दहा-बारा जणींची, हिशेब सगळ्यांसमोर, इतपत ठीक. पण कुणीतरी दुकानदार किंवा एजंट शंभर-दोनशे लोकांकडून दरमहा पैसे घेऊन दिवाळीला भांडी किंवा सोनं द्यायचं कबूल करत असेल, तर ते पैसे कशाच्या भरवशावर आहेत ते विचारायला हवं. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ऐन वसुबारसेला दुकान बंद करून गायब होणारे दर काही वर्षांनी निघतातच. बँकेतलं वर्षाचं आवर्ती खातं त्यापेक्षा बरं. महिना हजार रुपये टाकले की दिवाळीला बारा हजार आणि वर चारशेच्या आसपास व्याज. व्याज फार नाही, पण ऑक्टोबरात कार्डाकडे हात जात नाही ही खरी कमाई.

आता फराळ. बचतीचा सल्ला देणारे सगळे 'घरी करा आणि वाटा' म्हणतात. भाजणीची चकली घरी केली तर विकतच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते हे खरं, पण या हिशेबात करणारीचे तास धरलेले नसतात. २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांपैकी बायकांची दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं त्यांत जातात असं दिसलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हे अंतर केवढं वाढत असेल याची कल्पना कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावलं की येते. बारा घरांना वाटायचा फराळ एकटीनं रात्री जागून केला, तर पैसे वाचले ते तिच्या मनगटातून. घरातल्या सगळ्यांनी मिळून करंज्या भरल्या, शंकरपाळे कातले, तर ती बचत निर्मळ. नाहीतर बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्यावा, आणि वाटायच्या घरांची यादी बारावरून पाचवर आणावी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला शेजाऱ्यांना कुस्वादाचं ताट जातं, त्यात नेवऱ्या, दोदोल, बिबिंका यांचे दोन-दोनच तुकडे असतात. आपली फराळाची ताटंही पूर्वी तशीच होती. किलोकिलोचे डबे नंतर आले.

परदेशी मुलांना फराळ पाठवणाऱ्यांचं गणित निराळं. विमानानं जाणाऱ्या पार्सलचं वजन काट्यावर जितकं, तितकंच धरतात असं नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची, पाच हजारांनी भागायची, आणि येणारं उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे घ्यायचे, अशी कुरियरची सर्वसाधारण रीत आहे. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं ७.२ किलोचं धरलं जातं, आत पातळ पोह्यांचा चिवडा भरला तर खरं वजन त्याच्या निम्मं असतं. म्हणून पाठवायचे असतील तर लाडू आणि शंकरपाळे पाठवावेत, चिवड्याची फोडणी तिकडे पोरांनी स्वतः करावी. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ अखेर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याला काही आठवडे तिकडची पार्सलं थांबवावी लागली, तेव्हा ऐन फराळाच्या हंगामात अनेक घरांची धावपळ झाली. न्यू जर्सीत, बे एरियात आता मराठी बायका फराळाच्या ऑर्डरी घेतात. आईनं इथून पैसे पाठवून तिथल्या एखाद्या मराठी घरातून लेकीकडे डबा पोचवणं स्वस्तही पडतं आणि ताजंही.

मधल्या गर्दीसाठी काही द्यायचंच असेल तर दिवाळी अंकाइतकी चांगली वस्तू माझ्या पाहण्यात नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मराठीची स्वतःची दिवाळी आहे. तीन-चारशे रुपयांत दोनअडीचशे पानं येतात, डब्यासारखी शिळी होत नाहीत, आणि फिरवली तर किंमत वाढते. चार भावंडांनी चार वेगळे अंक घेऊन महिन्यानं अदलाबदल केली की प्रत्येकाला चारही वाचायला मिळतात.

अशा तडजोडी बोलून होतात का, तर होतात, आणि याचं उदाहरण आपल्याच पत्रिकांवर छापलेलं आहे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' ही एक ओळ आली आणि मध्यमवर्गीय मराठी लग्नांतला भांड्यांचा आणि घड्याळांचा ढीग बघता बघता ओसरला. सुरुवातीला ती ओळ शिष्टपणाची वाटली असेल, आज तिच्यामुळे कुणी दुखावत नाही. दिवाळीला हेच करता येईल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दसऱ्याच्या सुमाराला एकानं लिहावं की यंदा घरोघरी डबे फिरवायला नकोत, एका संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांचा फराळ एकत्र मांडू. भावंडांनी ठरवावं की मोठ्यांच्या भेटी बंद, फक्त मुलांना द्यायचं. चुलत-मावस मिळून पंधरा जण असतील तर चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानं एकालाच भेट द्यावी, पण ती विचार करून. कार्यालयांनीही हे करावं. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी पैशातून दिवाळीच्या भेटी द्यायच्या नाहीत असा आदेश काढला, तो खाजगी कंपन्यांनीही वाचण्यासारखा आहे. ग्राहकांना पाठवायच्या डब्यांचे पैसे कामगारांच्या बोनसमध्ये घातले तर कुणाची तक्रार येणार नाही.

नव्या जावयाचा दिवाळसण आणि अधिकमासाचं वाण यांबद्दल थोडक्यात एवढंच, की हा खर्च मुलीच्या आईवडिलांनी करायचा असतो, म्हणून तो थांबवायचा अधिकार आणि जबाबदारी जावयाची आहे. अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. तेहतीस अनारसे आणि दिव्याचं ताट पुरे, चांदी नको, हे जावयानं आधी फोन करून सांगावं. सासरे ते स्वतःहून कधीच म्हणणार नाहीत.

ज्या एका ठिकाणी कात्री लावायची नाही, ती पोस्त. बोनसचा १९६५ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेत मिसळला आहे, किमान दर मात्र ८.३३ टक्केच, म्हणजे वर्षाच्या हिशेबी वेतनाचा बारावा भाग. पण तो नियम वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू. घरकाम करणाऱ्या बाईला तो लागू नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यातही मालकानं दिवाळीला काय द्यावं याची सक्ती नाही. तिला मिळणारी पोस्त सर्वस्वी आपल्या मनावर आहे. एक पूर्ण महिन्याचा पगार हा चांगल्या घरांतला रिवाज आहे आणि तो कायद्यातल्या बाराव्या भागाशी नेमका जुळतो. त्याऐवजी कुणीतरी आपल्याला दिलेला मिठाईचा डबा किंवा न आवडलेली साडी तिच्या हातावर ठेवायची आणि पैसे कमी करायचे, हे अनेक घरांत चालतं. ते बंद झालं पाहिजे. साहेबांचा डबा, दहा नाणी, मखमलीची खोकी यांतून वाचलेले पैसे आधी इथे यावेत. आणि ते पाडव्याला देऊ नयेत. तिलाही मुलांचे कपडे घ्यायचे असतात, तेल-साखर भरायची असते, म्हणून पोस्त वसुबारसेच्या आधी, रोख, पूर्ण द्यावी.